वाटाड्याने मध्ये उभे राहू नये

रोममधल्या एका साध्या घरात साठी ओलांडलेले एक धर्मगुरू येरझाऱ्या घालत बोलत आणि लुईस गोन्साल्व्हिस दा कामारा हा त्यांचा पोर्तुगीज सहकारी कान देऊन ऐके, मग खोलीत जाऊन आठवेल तसे टिपून ठेवी. १५५३ ते १५५५ या काळात अशा मोजक्याच बैठका झाल्या. जगभर पसरलेल्या ‘येशूसंघ’ या धर्मसंघाची धुरा वाहणारे, हजारो पत्रे धाडणारे आणि उतारवयात रोमबाहेर क्वचितच पडलेले हे गृहस्थ आपली कथा सांगताना ‘मी’ म्हणत नसत. स्वतःचा उल्लेख ते ‘यात्रेकरू’ असा करत.

हे संत इग्नेशियस लोयोला. ख्रिस्ती ध्यानपरंपरा फार जुनी आहे. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी, संत बेनेडिक्ट यांचे मठ, आविलाच्या संत तेरेसा अशी तिची किती तरी रूपे. पण ध्यान, यात्रा आणि आध्यात्मिक मार्गदर्शन एकाच आयुष्यात इतके एकजीव झालेले मला दुसरीकडे दिसत नाही. त्यातही मार्गदर्शनाचा त्यांचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाट दाखवणाऱ्याने किती दाखवायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यांनी स्वतःच्या जखमांवरून शिकून घेतले होते.

मूळ नाव इनिगो. जन्म १४९१चा, स्पेनच्या बास्क मुलखातल्या लोयोलाच्या गढीत. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यात फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा एक पाय मोडला, दुसराही जायबंदी झाला. घरी आणल्यावर हाड नीट बसले नाही म्हणून पुन्हा मोडून बसवले. तरी गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आलेलाच राहिला. घट्ट बूट घालून दरबारात मिरवण्याची हौस इतकी की, इनिगोने तो तुकडा करवतीने कापून घेतला, तोही भुलीच्या औषधाशिवाय. पाय मात्र आखूड राहिला तो कायमचाच.

अंथरुणावर वेळ जाईना. त्याला हव्या होत्या वीरांच्या प्रेमकथा. गढीत निघाली दोनच पुस्तके : सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा संग्रह. ती वाचता वाचता मन दोन दिशांना धावू लागले. कधी एखाद्या थोर कुळातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्ने, कधी संतांसारखे अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. रमताना दोन्ही स्वप्ने गोड वाटत. फरक मागाहून कळे. पहिल्यानंतर मन कोरडे, असमाधानी होई. दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही. हे लक्षात यायलाही त्याला बरेच दिवस लागले. पुढे ख्रिस्ती जगाने ज्याला आत्म्यांच्या प्रेरणांचा विवेक म्हटले, त्याचा उगम या आजारपणात आहे. विचार चांगला की वाईट हे त्याच्या रंगरूपावरून ठरवू नये, तो मनाला कुठे नेऊन सोडतो ते पाहावे.

१५२२च्या सुरुवातीला तो खेचरावर बसून निघाला. मोन्सेरातच्या मठात तीन दिवस घेऊन त्याने आयुष्यभराचे पापनिवेदन लिहून काढले. २४ मार्चच्या रात्री उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, स्वतः गोणपाट चढवले, तलवार आणि खंजीर कृष्णवर्णी मारियामातेच्या वेदीपाशी ठेवून पहाटेपर्यंत जागला. खेचर मठाला देऊन टाकले. दुखरा पाय रोज रात्री सुजत असल्यामुळे तेवढ्याच एका पायात दोरखंडी वहाण होती. जवळच्या मॅनरेसा गावी थोडे दिवस थांबायचे ठरले होते. तिथे तो राहिला जवळजवळ अकरा महिने.

मॅनरेसाचे नाव निघाले की कार्दोनेर नदीकाठची गुहा आणि नदीकाठीच त्याला झालेला साक्षात्कार यांचे वर्णन हमखास येते. मला मात्र त्याआधीचे महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. तो भीक मागून खात होता, रोज सात तास प्रार्थना करत होता, केस-नखे वाढू देत होता. आणि आतून पोखरला जात होता. सांगितलेली पापे नीट सांगितली का, एखादे राहिले तर नाही ना, या शंकेने त्याचा पिच्छा पुरवला. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही सुटका नाही. खोलीतल्या मोठ्या भगदाडातून स्वतःला झोकून द्यावे असे त्याला वाटू लागले. एकदा रविवारपासून रविवारपर्यंत अन्नाला शिवला नाही. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास सोडायला लावला. अखेर हे छळणे कोणत्या वाटेने आत येते ते त्याने स्वतःच ओळखले आणि जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत असे ठरवले. भक्तीचे रूप घेऊन आलेली गोष्टही माणसाला मारू शकते, हे ज्याने भोगले आहे, तोच दुसऱ्याशी हळुवारपणे वागू शकतो.

सप्टेंबर १५२३मध्ये तो जेरुसलेमला पोहोचला. तिथेच देह ठेवायचा त्याचा बेत होता, पण पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन मठाच्या प्रमुखांनी नकार दिला. यात्रेकरू पकडले जात, त्यांची खंडणी भरून सोडवणूक करावी लागे. तरीही निघण्यापूर्वी तो एकटाच गुपचूप जैतुनाच्या डोंगरावर गेला. ख्रिस्ताने स्वर्गारोहण केले त्या जागी दगडावर पायाचे ठसे दाखवतात. पहारेकऱ्यांना आपली छोटी सुरी देऊन ते पाहिले. थोडे पुढे गेल्यावर आठवले, उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते आणि डावे कोणत्या, हे बघायचेच राहिले! परत गेला. या खेपेला कात्री दिली. खाली मठाचा संतापलेला नोकर काठी घेऊन शोधत होता, त्याने दंडाला धरून परत आणले.

हा प्रसंग वाचल्यावर इग्नेशियस यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटे पुस्तक वेगळेच उलगडते. त्याची टिपणे मॅनरेसात सुरू झाली, भर पुढे वर्षानुवर्षे पडत गेली आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. ते सलग वाचू गेल्यास रूक्ष वाटते, कारण ते साधकाच्या हाती द्यायचे पुस्तकच नाही; मार्गदर्शकाने जवळ ठेवायची ती वही आहे. साधना सुमारे तीस दिवसांची, मौनात करायची. तिचे चार टप्पे : स्वतःचे पाप आणि त्याहून मोठी देवाची दया, ख्रिस्ताचे जीवन, त्याचे दुःखसहन, त्याचे पुनरुत्थान. दिवसातून चार-पाच वेळा एकेक तास ध्यान. नाताळच्या प्रसंगावर ध्यान करताना नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणायचा : किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून जाणारा. जन्माची गुहा किती मोठी, किती ठेंगणी. मग तिथे आपण स्वतः उभे राहायचे, ऐकायचे, सेवा करायची आणि शेवटी मित्राने मित्राशी बोलावे तसे ख्रिस्ताशी बोलायचे. पावलांची दिशा पाहायला माघारी गेलेल्या माणसाचीच ही शिकवण.

मार्गदर्शकासाठीच्या सूचना पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहेत. प्रसंग थोडक्यात सांगावा, पाल्हाळ लावू नये. साधकाला स्वतः जे गवसते त्याची गोडी वेगळी असते. साधकाची पापे आणि खासगी विचार खोदून काढू नयेत. मनात कोणत्या हालचाली होत आहेत एवढे समजून घ्यावे. तो खचलेला असेल तर कठोर होऊ नये. अमुक व्रत घे, तमुक मार्ग धर, असा आग्रह तर साधनेच्या काळात मुळीच करू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मधोमध राहून निर्मात्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा. साधकासाठीही एक नियम आहे, जो मला दर वेळी नव्याने पटतो : मन अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये.

या संयमाचे उत्तम उदाहरण म्हणजे पीटर फाबर. पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात इग्नेशियस, फाबर आणि फ्रान्सिस झेवियर एका खोलीत राहत. फाबर सव्हॉयच्या डोंगराळ भागातला, लहानपणी मेंढ्या राखलेला, शंकांनी गांजलेला. इग्नेशियस यांनी त्याला लगेच साधना दिली नाही. संपूर्ण पापनिवेदन, दर आठवड्याला ख्रिस्तप्रसाद, रोजचे आत्मपरीक्षण, एवढेच सांगितले आणि जवळजवळ चार वर्षे वाट पाहिली. साधना द्यावी तर फाबरने, असे पुढे इग्नेशियसच म्हणत. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर या तिघांसह सात जणांनी जेरुसलेमला जाण्याची शपथ घेतली. तुर्कांशी युद्ध पेटल्यामुळे जहाज मिळाले नाही, म्हणून ते पोपच्या चरणी रुजू झाले. १५४० साली येशूसंघाला मान्यता मिळाली.

जेरुसलेमची वाट बंद झाली म्हणूनच झेवियर आपल्याकडे आला, असे म्हणता येईल. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. त्याला युरोपात परत बोलावणारे इग्नेशियस यांचे पत्र जून १५५३चे. झेवियर त्याआधी डिसेंबरमध्येच चीनच्या किनाऱ्यालगत वारला होता. त्याचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकात आहे. ३ डिसेंबरच्या सणापूर्वीच्या नोव्हेना प्रार्थनांना गोव्याच्या गावागावांतून, शेजारच्या कोकणातून आणि बेळगावकडून लोक आजही चालत येतात. १६१६ साली ओवीबद्ध मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारे फादर थॉमस स्टीफन्स येशूसंघीयच, म्हणजे त्यांनीही ही साधना केलेली. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी तिला श्वासाच्या आणि देहभानाच्या भारतीय अभ्यासाची जोड दिली. पुण्यात सुरू झालेली त्यांची साधना संस्था पुढे लोणावळ्याला गेली. १९८७ साली ते वारले. १९९८मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबाबत सावधगिरीची सूचना काढली, तरी त्यांची पुस्तके वाचली जातातच.

लोयोला ते मॅनरेसा हा इग्नेशियस यांचा मार्गही अलीकडे पायी यात्रेसाठी आखला गेला आहे. सुमारे ६५० किलोमीटर, २७ टप्पे, नारिंगी बाणांच्या खुणा. सांतियागोची प्रसिद्ध यात्रावाट पश्चिमेला जाते, ही पूर्वेला.

साधनेसाठी महिनाभर घर सोडणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेत सोय आहे : रोज दीड तास काढायचा, कामधंदा सांभाळायचा आणि मार्गदर्शकाला भेटत राहायचे. मार्गदर्शक धर्मगुरूच हवा असेही नाही. आज धर्मभगिनी आणि संसारी स्त्री-पुरुषही हे काम करतात. इग्नेशियस यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली ती १५३७ साली. त्याच्या कितीतरी आधी, अल्काला इथे शिकत असताना ते लोकांना साधना देत होते. येणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. चौकशी करणाऱ्यांना हे संशयास्पद वाटले आणि त्यांनी इग्नेशियस यांना ४२ दिवस तुरुंगात ठेवले.