हौसेचा खर्च आणि घरातली परवानगी

रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८५ साली एका निबंधात एक छोटे उदाहरण दिले. एका गृहस्थाला दुकानात सव्वाशे डॉलरचा काश्मिरी लोकरीचा स्वेटर आवडतो, पण एवढी चैन परवडायची नाही म्हणून तो हात आखडता घेतो. त्याच महिन्यात वाढदिवसाला बायको नेमका तोच स्वेटर भेट देते आणि गृहस्थ हरखून जातो. नवराबायकोची बँकेतली खाती मात्र सगळी सामाईक, म्हणजे पैसे गेले ते त्याच्याही खिशातून. रूढ अर्थशास्त्राच्या हिशेबात हा आनंद बसत नाही, कारण जी वस्तू त्या किमतीला नको होती ती त्याच किमतीला घरात आली आहे. थेलरचे उत्तर असे, की माणूस मनात खर्चाची वेगवेगळी खाती ठेवतो आणि चैनीच्या खात्यावर स्वतःच कुलूप घालतो. हे कुलूप जोडीदार उघडू शकतो. सुतारकामाची हौस असलेल्या नवऱ्याला बायकोने गुपचूप आणून दिलेली हत्यारे हा त्या स्वेटरपेक्षाही चोख नमुना आहे. अशा भेटीत हत्यार दुय्यम असते, खरी भेट परवानगीची असते, असे माझे म्हणणे आहे.

पोटासाठी रंधा मारणाऱ्याला ही अडचण कधी आली नाही. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांतला. वाकस, करवत, पटाशी ही त्याची रोजीरोटी, म्हणून खंडेनवमीला त्यांची पूजा. धार गेली तर लावायची आणि पाते झिजले तर बदलायचे, त्यासाठी कुणाला विचारावे लागत नाही, कारण तो खर्च कामातून भरून निघतो. हौशी माणसाचे तसे नाही. त्याने महिनाभर खपून केलेले स्टूल बाजारात त्याहून स्वस्त मिळते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याला स्वतःला तर सर्वांत आधी. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो खरे, पण दुकानात रंध्याची किंमत विचारून तो परत ठेवणारा हौशीच असतो. मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घराचा हप्ता यांच्या रांगेत चांगल्या पोलादाच्या पटाशीचा नंबर कायम शेवटचा. तो पुढे घ्यायचा तर दुसऱ्या कुणीतरी ढकलावा लागतो.

यावर पहिला आक्षेप जोएल वाल्डफोगेलचा. १९९३ साली या अर्थतज्ज्ञाने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटवस्तूंची किंमत विचारली आणि निष्कर्ष काढला, की भेटींच्या मूल्यातला दहावा ते तिसरा हिस्सा नुसता वाया जातो. घेणाऱ्याला वस्तू तेवढ्या मोलाची वाटतच नाही. हत्यारांच्या बाबतीत हा धोका वाढतो, कारण रंधा म्हणजे एकच वस्तू नव्हे. स्टॅन्ले कंपनीच्या क्रमवारीतला चार नंबरचा रंधा साधारण नऊ इंच लांब, पृष्ठभागावर शेवटचा हात फिरवायला. सात नंबरचा बावीस इंचांचा, लांब फळीची कड सरळ करायला. एकाचे काम दुसऱ्याला धड जमत नाही. उभ्या रेषेत चिरणाऱ्या करवतीचे दात आडव्या कापाला चालत नाहीत, आणि एका कंपनीच्या ड्रिलची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. पण त्याच अभ्यासातली एक बाजू लोक विसरतात: मित्र आणि जोडीदार यांच्या भेटींत नासाडी सर्वांत कमी होती. मामा-काका आणि आजी-आजोबा त्या यादीत बरेच मागे.

शिवाय अचूक निवड म्हणजे यशस्वी भेट असेही नाही. इंग्लंडमधल्या चॅथमच्या जोसेफ सीटन यांनी १७९६ च्या डिसेंबरात मुलगा बेंजामिन याच्यासाठी लंडनच्या ख्रिस्टोफर गॅब्रिएलकडून सुतारकामाचा जवळजवळ संपूर्ण संच घेतला. बाप स्वतः फर्निचरच्या धंद्यातला, तेव्हा निवडीत चूक शोधायला जागा नाही. मुलाने त्या हत्यारांसाठी देखणी पेटी केली, एकेका हत्याराची किमतीसह यादी लिहिली. आज ती पेटी रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. अभ्यासकांना तिचे अप्रूप आहे ते हत्यारे फारशी वापरलेली दिसत नाहीत म्हणून. उलट उदाहरण जिमी कार्टर यांचे. जानेवारी १९८१ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपद सोडत असताना मंत्रिमंडळातले सहकारी आणि कर्मचारी मिळून त्यांना जीप देण्याच्या विचारात होते. त्यांना सुगावा लागला आणि त्यांनी कळवले, की त्यापेक्षा सुतारकामाची यंत्रे आणि हत्यारे द्या. सिअर्स कंपनीचा संच आला आणि पुढची अनेक दशके त्यांनी त्यावर फर्निचर केले, काही नग कार्टर सेंटरच्या मदतीसाठी लिलावात गेले. इथे गुपित फुटले होते, तरी भेट फुकट गेली नाही.

मग अचानकपणाचे काय? सांगून मिळाले तर त्यात मजा ती काय, हा दुसरा आक्षेप. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या २०११ च्या संशोधनात देणाऱ्यांना वाटत होते, की न मागितलेली भेटही तितकीच आवडेल. घेणाऱ्यांना मात्र मागितलेली वस्तू अधिक आवडली. माझ्या मते अचानकपणा वस्तूच्या निवडीत शोधायला नको. कुठला रंधा हवा हे ज्याच्या हाताला तो चालवायचा आहे त्याने ठरवावे. तो आत्ता, या महिन्यात, हिशेब न विचारता घरात येणार आहे, एवढीच बातमी अचानक असावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रौढ माणसाला परवानगी कशाला लागते, आणि ती द्यायचा भार बायकोवरच का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्यांत बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. तेव्हा बायको जेव्हा रंधा आणते तेव्हा ती नवऱ्याला पैशांबरोबर रविवारची दुपारही देते, आणि ती दुपार बहुधा तिच्याच वाट्यातून कापलेली असते. लाकूड कोरण्याची हौस बायकोला असली, तर पाडव्याला औक्षणाच्या ताटात तिला पटाशी मिळाल्याचे फारसे ऐकू येत नाही. आणि मिळाली तरी दोन तास मोकळे मिळाले नाहीत तर तिचीही गत सीटनच्या पेटीतल्या हत्यारांसारखी व्हायची. परवानगीचा मुद्दा यामुळे कोलमडत नाही. उलट तिची किंमत कोण मोजते हे दिसू लागते, आणि ती दोघांनी आलटून पालटून मोजायला हवी.

फ्लॅटमध्ये ही किंमत आणखी ठोस होते. लाकडाचा भुसा गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांवर बसतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. त्यामुळे रंध्याबरोबर चांगला मास्क आणि भुसा ओढणारे यंत्र आणणारा जोडीदार अधिक विचारी म्हणायचा. त्याच्याही पुढे जाऊन गॅलरीचा कोणता कोपरा कुणाचा, कपडे कुठे वाळणार आणि रविवारी किती वाजेपर्यंत ठोकाठोक चालणार, हे दोघांनी हत्याराची ऑर्डर देण्याआधीच ठरवून घ्यावे.