लांडगा, राजा आणि कोरणी

युरोपातील किमयेची चित्रे आधी हस्तलिखितांत रंगली, मग लाकडी ठशांवरून छापली गेली. १५५० साली फ्रांकफुर्टला निघालेला ‘रोझारियम फिलॉसोफोरम’ हा त्या टप्प्यातला ठळक ग्रंथ. त्याची रेघ जाड, तपशील मोजका. तांब्याच्या पत्र्यावर कोरणी चालू लागली तेव्हा कुठे भट्टीची वीट, काचपात्राची मान आणि मागचा डोंगर एका चौकटीत मावू लागले. हाइनरिश खुनराथच्या १५९५ च्या ग्रंथातील प्रार्थनास्थळ आणि प्रयोगशाळा एकत्र दाखवणारे वर्तुळाकार चित्र त्यामुळेच शक्य झाले. ते कोरले पाउल फान डेर डोर्ट याने. पण गूढार्थाची पाने भरणाऱ्यांना कारागिराचे नाव क्वचितच आठवते.

या परंपरेचा कळस म्हणजे मिखाएल मायरचा ‘अटलांटा फुगिएन्स’. मायर हा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा वैद्य. १६१७ साली ओपेनहाइमला योहान थिओडोर द ब्री याने हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ५० चित्रे. प्रत्येकासोबत बोधवाक्य, पद्य, विवेचन आणि तीन आवाजांची गायनरचना. कोरीवकाम द ब्रीचा जावई माथेउस मेरियान याचे मानले जाते. याच घराण्याने आधी लिन्सखोटेनच्या प्रवासवर्णनातील गोव्याची चित्रे नव्याने कोरून विकली होती. मांडवीकाठचा बाजार असो की किमयागाराची भट्टी, हात तेवढाच सराईत.

चोविसाव्या चित्रात राजा आडवा पडला आहे आणि लांडगा त्याला खातो आहे. मागे तोच लांडगा आगीत जळतो आहे आणि राजा जिवंत होऊन चालू लागला आहे. हे चित्र मुशीपाशी उभे राहूनच वाचावे. राजा म्हणजे सोने, लांडगा म्हणजे अँटिमनीचे गंधकयुक्त खनिज. हिणकस सोने त्याच्यासोबत वितळवले की गंधक चांदी-तांब्याला धरतो आणि ती मळी वर येते. सोने अँटिमनीत मिसळून तळाशी बसते. त्या गोळ्याला कडक आच देऊन वारा घातला की अँटिमनी पांढऱ्या धुरावाटे निघून जाते आणि चोख सोने उरते. बासिल व्हॅलेंटाइनच्या नावावरील ‘बारा किल्ल्या’तही पहिल्याच चित्रात हा लांडगा मुशीवरून उडी घेतो, दुसऱ्या बाजूला विळा घेतलेला म्हातारा शनी, म्हणजे शिसे.

मानसशास्त्रज्ञ युंगने १९४४ च्या ग्रंथात अशा चित्रांत मनाचे व्यापार पाहिले. त्याचा व्यासंग दांडगा होता. पण त्याच्या पठडीतल्यांनी मूस पार अडगळीत टाकली. अलीकडे रसायनाचे इतिहासकार लॉरेन्स प्रिन्सिपे यांनी व्हॅलेंटाइनच्या काही कृती प्रयोगशाळेत करून दाखवल्या, तरी ‘सारे काही आत्म्याचे’ हा घोष थांबलेला नाही. आपल्या रसशास्त्राशी सरसकट जोड लावणारेही तितकेच घाईचे. इथे पारा शिवाचा आणि गंधक पार्वतीचा. तिकडे नेमके उलट: गंधक पुरुष, म्हणजे राजा, आणि पारा स्त्री, म्हणजे राणी.

रॉबर्ट फ्लडची विश्वचित्रेही द ब्रीनेच ओपेनहाइमला प्रसिद्ध केली. सृष्टीपूर्व अंधारासाठी त्याने नुसता काळा चौकोन छापला, तो सोडला तर बाकीची आकृत्यांची गर्दी कंटाळवाणी आहे. पुढे तीस वर्षांचे युद्ध पेटले, १६२० मध्ये स्पॅनिश फौजांनी ओपेनहाइम घेतले आणि तिथला बहर संपला.

उशिरा आलेला मोहर म्हणजे १६७७ चा ला रोशेलचा ‘म्युटस लिबर’. १५ चित्रे, शब्द जवळजवळ नाहीतच. एका चित्रात शेतात काठ्यांवर कापडे ताणली आहेत आणि नवराबायको दव भरलेले कापड पिळून परातीत पाणी धरत आहेत. बाजूला मेंढा आणि बैल, म्हणजे मेष आणि वृषभ: काम वसंतातले. भट्टीशी पुरुषाच्या बरोबरीने बाईला उभी करणारा असा दुसरा चित्रग्रंथ सहज सापडत नाही. १७०२ साली जिनिव्हात मांजेच्या किमयाग्रंथांच्या संग्रहात ही चित्रे पुन्हा आली.

आज ही चित्रे भरमसाट छापली जातात. कॅलेंडरांवर, टॅरोच्या पत्त्यांवर, टी-शर्टवर. छापताना पद्य कापले जाते, गायनरचना गळते, चित्राचा क्रमांक जातो आणि खाली कोरणाऱ्याच्या नावाऐवजी ‘प्राचीन गूढचिन्ह’ एवढेच येते.