जुन्या संगणकाची रॅम वाढवताना

'विंडोज १०' या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर काही आठवड्यांतच संगणकाच्या मेमरीच्या किमती जगभर झपाट्याने वाढू लागल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जात असलेल्या माहिती केंद्रांची प्रचंड मागणी, हे त्यामागील मुख्य कारण होते. 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या मेमरीचा व्यवसाय बंद करत असल्याचे मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. घरातील, शाळेतील किंवा छोट्या कार्यालयातील दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉप संगणकात रॅम वाढवून तो आणखी काही वर्षे चालवावा, असा विचार अनेकजण करतात. मात्र चुकीची रॅम विकत घेतली, तर पैसे वाया जातात आणि संगणक होता तसाच राहतो.

रॅम कमी पडते तेव्हा नेमके काय घडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. उघडलेला प्रत्येक कार्यक्रम आणि ब्राउझरमधील प्रत्येक पान रॅममध्ये जागा घेते. ही जागा संपली, की प्रणाली त्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर हलवते आणि गरज पडताच पुन्हा रॅममध्ये आणते. या ये-जा करण्यातच सारा वेळ जातो. रॅममधील माहिती मिळण्यास साधारणपणे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला त्यासाठी १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. हा फरक एक लाख पटींचा आहे. रॅमला एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कला त्याच कामासाठी २७ तासांहून अधिक काळ लागेल. जुन्या संगणकावर साधे पत्र टंकलिखित करतानाही पडदा गोठल्यासारखा होतो आणि पेटीतून डिस्कची घरघर ऐकू येत राहते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

तथापि प्रत्येक संथपणा रॅमच्या अभावामुळे येत नाही. 'विंडोज'मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे सुरू ठेवून त्यातील मेमरीचा आकडा पाहावा. तो सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम वाढवण्याचा निश्चित उपयोग होईल. तो निम्म्यावर असूनही संगणक रखडत असेल आणि डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकलेला असेल, तर तेच पैसे एसएसडी या चकतीविरहित डिस्कवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. साधारणपणे दोन जीबीवरून चार आणि चारवरून आठ जीबीवर जाण्याचा फरक लगेच जाणवतो. पत्रलेखन, हिशेब आणि इंटरनेट एवढ्यासाठीच संगणक वापरणाऱ्यास आठवरून सोळावर जाऊन फारसे काही मिळत नाही.

यानंतर प्रश्न येतो तो रॅमच्या पिढीचा. डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा तिच्या पिढ्या आहेत आणि एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्या, तरी पट्टीच्या कडेवरील खाच वेगवेगळ्या जागी असते. विजेचा दाबही निराळा असतो. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, तर डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतो. पट्टी बसत नाही म्हणून जोर लावल्यास स्लॉट तुटण्याचा धोका असतो. संगणकातील सध्याची पट्टी काढून तिच्यावरील चिठ्ठीचे छायाचित्र घेणे आणि मदरबोर्डवर छापलेला त्याचा क्रमांक टिपून घेणे, एवढी तयारी दुकानात जाण्यापूर्वी अवश्य करावी.

मदरबोर्डचा क्रमांक महत्त्वाचा ठरतो, कारण स्लॉट मोकळा असला तरी त्यात कोणतीही क्षमता चालेलच असे नाही. इंटेलच्या जी४१ या चिपसेटचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कोअर २ ड्युओच्या काळातील अनेक स्वस्त संगणकांत तो वापरला गेला. त्याची कमाल मर्यादा आठ जीबी आहे. परंतु चार जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते. एका प्रकारात दोन गिगाबिटच्या सोळा चिप असतात, तर नंतरच्या काळातील प्रकारात चार गिगाबिटच्या केवळ आठ चिप असतात. दोन्हींची बेरीज सारखीच. पण दुसऱ्या प्रकारातील दाट चिप जी४१ ला ओळखता येत नाहीत. अशी पट्टी लावल्यास पडदा काळाच राहतो किंवा क्षमता अर्धीच दिसते. पट्टी सदोष आहे असे समजून ग्राहक दुकानदाराशी वाद घालतो आणि दुकानदार ती दुसऱ्या संगणकात चालवून दाखवतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात! २०११ मध्ये आलेल्या एच६१ चिपसेटला ही अडचण नाही. दोन स्लॉटमध्ये मिळून सोळा जीबीपर्यंत रॅम त्यावर चालते.

डीडीआर३ रॅम बहुतांशी जुन्या बाजारातून घ्यावी लागते. तेथे दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. सर्व्हरमधून काढलेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्या दिसायला सारख्याच असतात, परंतु घरगुती डेस्कटॉपवर चालत नाहीत. तसेच काही पट्ट्या केवळ एएमडीच्या प्रोसेसरबरोबरच काम करतात आणि विक्रेता हे नेहमीच ठळकपणे सांगतो असे नाही.

हे सारे जुळले तरी प्रणालीची स्वतःची मर्यादा उरते. ३२ बिटच्या प्रणालीला २ चा ३२ वा घात, म्हणजेच चार जीबी एवढेच पत्ते मोजता येतात. त्यातील काही पत्ते ग्राफिक्स आणि अन्य भागांसाठी राखीव असतात. त्यामुळे अशा 'विंडोज'मध्ये प्रत्यक्षात तीन ते साडेतीन जीबीच वापरता येतात. त्यापुढची रॅम दिसली तरी उपयोगात येत नाही. यावर उपाय म्हणजे ६४ बिटची प्रणाली. ती नव्याने बसवावी लागते आणि त्यापूर्वी सर्व फायलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी लागते.

रॅम वाढवली म्हणजे जुन्या संगणकावर 'विंडोज ११' चालेल, हा समजही चुकीचा आहे. तिची रॅमची किमान अट चार जीबीचीच आहे. २००१ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'ला किमान ६४ एमबी पुरत असत. त्या हिशेबाने ही वाढ ६४ पटींची आहे. पण खरा अडसर टीपीएम २.० या सुरक्षा व्यवस्थेचा आणि प्रोसेसरच्या पिढीचा आहे. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो आणि रॅम घालून प्रोसेसर बदलत नाही. अशा संगणकांसाठी लिनक्स हा व्यवहार्य पर्याय ठरतो. सी-डॅकने विकसित केलेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय देते.

प्रत्यक्ष पट्टी बसवण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. संगणक बंद करून विजेची तार काढावी आणि त्यानंतर सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. पेटीच्या धातूच्या भागाला हात लावल्याने अंगातील स्थिर विद्युतही उतरते. स्लॉटच्या टोकाची खिटी उघडून, खाच जुळवून, पट्टीच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. खिटी 'खट्' असा आवाज करून आपोआप बंद होते. शक्यतो सारख्या क्षमतेच्या व वेगाच्या दोन पट्ट्या लावाव्यात. वेग वेगवेगळा असल्यास दोन्ही पट्ट्या कमी वेगानेच चालतात.

संगणक सुरू न होता बीप वाजत राहिल्यास घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. दमट हवेच्या प्रदेशांत, विशेषतः पावसाळ्यानंतर, पट्टीच्या सोनेरी पिनांवर मळ साचतो. तो मऊ खोडरबराने हलकेच पुसून, रबराचा भुगा झटकून पट्टी परत बसवण्याची रीत दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ आहे आणि ती पुष्कळदा लागू पडते.

नवी रॅम ओळखली गेली म्हणून ती निर्दोष आहे असे मात्र मानू नये. 'विंडोज'मध्ये मेमरी तपासण्याची सोय आहे. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम पेनड्राइव्हवरूनही चालवता येतो. ही चाचणी रात्रभर चालू ठेवावी. एकही चूक आढळली, तरी पट्टी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी बदलून घ्यावी आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत जुनी पट्टी जपून ठेवावी.