लॅपटॉप बंद पडला तरी धंदा बंद पडायला नको!

दुकान लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादेत, बिलं, उधारी, टॅलीचा डेटा सगळं एकाच लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप नवा घेता येतो हो, उधारीची यादी कुठून आणणार? त्यात जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात.

लक्षणं ओळखा

- खूप तापतो, अचानक बंद होतो: बहुधा पंख्यात धूळ. मराठवाड्याच्या उन्हाळ्याआधी साफ करून घ्या.
- चालूच होत नाही: आधी दुसरा योग्य चार्जर लावून बघा. मदरबोर्ड गेला तरी डिस्कमधला डेटा बऱ्याचदा शाबूत असतो.
- हार्ड डिस्क टकटक वाजते: लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू केलं तर उरलासुरला डेटाही जातो. डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारू का?" तर आधी विचारा, "माझ्या फाईल काढल्या का?" आधी डेटा, मग दुरुस्ती. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा.

3-2-1 चा नियम

डेटाच्या 3 प्रती, 2 वेगळ्या साधनांवर, त्यातली 1 दुकानाबाहेर. गूगलच्या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते. छोट्या दुकानाच्या हिशेबाला पुष्कळ झाली. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा, नाहीतर व्हायरस तिलाही सोडत नाही. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली फाईल उघडून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअप नाहीच!

आज शटर ओढायच्या आधी पहिली प्रत काढा.