अंगठा ही अमानत आहे

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. भांडी-अंथरुणाबरोबर आता आधार कार्डही पिशवीत असते, कारण ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत परगावी धान्य घ्यायचे तर अंगठा द्यावा लागतो. पण कोयता धरून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि दुकानातले मशीन तो अंगठा ओळखत नाही. सर्वांत जास्त राबणाऱ्यालाच स्वतःची ओळख पटवता येऊ नये, ही मोठी चिंतेची बाब आहे.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले क्रमांक दिले गेले. या 12 अंकांमागे दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा साठवलेला असतो. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोटे बदलता येत नाहीत.

दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये, हा अदब आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायालयाने आधार कायदा कायम ठेवला. मात्र बँक खाते, मोबाइल सिम आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती अमान्य केली. ठसा जुळला नाही म्हणून गरजूचा लाभ बुडू नये, हेही स्पष्ट केले. तेव्हा मशीनने नकार दिला तर परत फिरू नका. ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग मागा.

आणखी दोन गोष्टी घरात सर्वांना माहीत असाव्यात. आधारसाठी धर्म, जात किंवा उत्पन्न विचारण्याची कायद्यात मुभा नाही. तसेच आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणून जन्मदाखले, शाळेचे दाखले, जमिनीची कागदपत्रे जपून ठेवा आणि त्यांतली नावे एकसारखी आहेत का ते पाहा.

‘लाडकी बहीण’चे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. त्यामुळे ज्या भगिनींनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यांनाही ही खबरदारी हवी. आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे काढताना ‘अंगठा लागला नाही, पुन्हा द्या’ असे कोणी म्हटले, तर आधी पावती पाहा. झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहा. जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून बायोमेट्रिक लॉक करून घ्या. गरजेपुरते ते उघडता येते. अडचण आली तर 1947 या क्रमांकावर फोन करा.

सरकारजवळ असलेली आपली माहिती ही अमानत आहे. ती सांभाळणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि तिचा हिशेब विचारणे हा आपला हक्क आहे.