लसीची सक्ती आणि दुकानमालकाचे कर्तव्य

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील दुकानदारांपुढे एक नवीन अट येऊन उभी राहिली. १५ ऑगस्टपासून दुकाने रात्री दहा वाजेपर्यंत उघडी ठेवण्यास राज्य शासनाने परवानगी दिली. मात्र दुकानातील व्यवस्थापक व सर्व कर्मचारी यांनी कोविड लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असाव्यात आणि दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस झालेले असावेत, असे बंधन त्या परवानगीस जोडलेले होते. टाळेबंदीने पिचलेल्या व्यापाऱ्यांना परवानगी हवीच होती. अटही वरवर पाहता रास्त होती. दुसऱ्या लाटेचे घाव अजून ओले होते आणि लसीमुळे गंभीर आजार व मृत्यू टळतात, हे दिसू लागले होते.

पुढे या सक्तीवर पुष्कळ वाद झाला. एका बाजूस शासन आणि दुसऱ्या बाजूस नागरिक, अशीच त्याची मांडणी होत राहिली. परंतु या दोघांमध्ये तिसरा एक माणूस होता, त्याचा विचार क्वचितच झाला. आदेश शासनाचा होता, शरीर कामगाराचे होते आणि आदेश बजावणारा हात मालकाचा होता. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे व्यापारात आहेत. म्हणून हा वाद आपण गादीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीनेही एकदा तपासून पाहिला पाहिजे.

तारखांचा हिशेब

आधी साधा हिशेब मांडू. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी खुले झाले. पण लसीच्या तुटवड्यामुळे त्याच महिन्यात महाराष्ट्राला या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. १३ मे रोजी कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. केंद्र शासनाने सर्व प्रौढांसाठी मोफत लस देण्यास २१ जूनपासून आरंभ केला. समजा, एखाद्या तरुण कामगाराने त्याच दिवशी रांगेत उभे राहून कोविशील्डची पहिली मात्रा घेतली. चौऱ्याऐंशी दिवसांनी, म्हणजे १३ सप्टेंबरला, त्याला दुसरी मात्रा मिळू शकत होती. त्यापुढे चौदा दिवस मोजले की २७ सप्टेंबर उजाडतो. ज्याने लस घेण्यास एक दिवसाचाही उशीर केला नाही, तोही १५ ऑगस्टला नियमानुसार अपात्रच ठरत होता. मुंबईतील अनेक मॉल उघडून लगेच बंद करावे लागले, त्याचे कारण हेच होते.

ही अट पुढे अधिक कडक झाली. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने जनतेची ये-जा असलेल्या प्रत्येक दुकानात पूर्ण लसीकरण झालेलेच कर्मचारी असावेत, आणि ग्राहकही तसेच असावेत, असे ठरविण्यात आले. नियम मोडणाऱ्या व्यक्तीस ५०० रुपये दंड होता. तीच चूक दुकानाच्या आवारात आढळली तर दुकानास १०,००० रुपये, आणि आस्थापनेनेच नियम पाळले नाहीत तर ५०,००० रुपये दंड होता. म्हणजे लस न घेणाऱ्यापेक्षा त्याला कामावर ठेवणाऱ्यास कितीतरी मोठी झळ बसणार होती. अशा वेळी मालकाला सुचणारा सर्वांत सोपा मार्ग कोणता, हे सांगावयास नको.

एका दुकानातील प्रसंग

माझ्या थोरल्या बंधूंचे तालुक्याच्या गावी किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. दुकानात नऊ माणसे कामाला. दादांनी स्वतः पहिल्या आठवड्यातच लस घेतली आणि पाठोपाठ सात जणांनी घेतली. दोघे राहिले.

त्यांतील एक पन्नाशी ओलांडलेले हमाल होते. ते स्पष्ट नकार देत नसत. "उद्या बघू शेठ" एवढेच म्हणत. आळीतील एक आजारी गृहस्थ लस घेतल्यानंतर आठवड्याभरात वारले, ही भीती त्यांच्या मनात होतीच. पण खरे कारण दादांना बऱ्याच दिवसांनी कळले. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो आणि तापात पोती उचलता येत नाहीत. दोन दिवसांची मजुरी बुडाली तर घरचा आठवडा कोलमडतो. हे कळताच दादांनी त्यांना दोन दिवसांची भरपगारी रजा दिली आणि स्वतः त्यांच्यासोबत केंद्रावर गेले. दोन्ही वेळा ती रक्कम त्यांनी हमालाच्या नावावर उचल म्हणून लिहिली नाही, दुकानखर्चात लिहिली.

दुसरा पंचविशीतला, गल्ल्याशेजारी बसून बिले करणारा मुलगा. एप्रिलमध्ये त्याला आणि त्याच्या वडिलांना एकाच वेळी कोविड झाला होता. तो बरा झाला, वडील परतले नाहीत. आजारातून उठल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती येते, मग मला लसीची गरज काय, असे तो विचारी. त्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. बऱ्या झालेल्यांनी तीन महिने थांबून लस घ्यावी, असे केंद्र शासनानेच मे महिन्यात सांगितले होते. पण तीन महिने उलटले, सहा उलटले, तरी तो बधला नाही. त्या रुग्णालयाच्या दारानंतर त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची ब्याऐंशी वर्षांची आई राहात होती. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, त्याचा हक्क मला समजतो. पण आईंना काही झाले, तर त्या हक्काचे मी काय करू?" दादांचे उत्तर होते, "त्याला घरी पाठविणे माझ्या हातात आहे. पण वडील गेल्यापासून त्यांची चूल माझ्या पगारावर पेटते." दोघांचेही खरे होते, आणि दंडाची टांगती तलवार वेगळीच.

शेवटी दादांनी त्याला गोदामातील मालाच्या नोंदीचे काम दिले. तेथे ग्राहकांची ये-जा नव्हती. पगार तोच ठेवला. मुखपट्टी सक्तीची केली आणि वरच्या मजल्यावर जाणे बंद केले. त्याने शेवटपर्यंत लस घेतली नाही. जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत आईला संसर्ग झाला, तो दोन्ही मात्रा घेतलेल्या नातवाकडून. आईनेही दोन्ही मात्रा घेतल्या होत्या; ती आठ दिवसांत बरी झाली. एका घराच्या अनुभवावरून सिद्धान्त काढू नये. तरी लस घेतलेल्याचे रक्षण करणे आणि दुसऱ्यास होणारा संसर्ग रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या महिन्यात आम्हाला घरातच समजले.

न्यायालयांनी काय म्हटले

नेमका हाच भेद पुढे न्यायालयात महत्त्वाचा ठरला. त्याची सुरुवात मेघालयात झाली. तेथील काही जिल्हाधिकाऱ्यांनी दुकानदार, फेरीवाले व टॅक्सीचालक यांना लस घेतल्याशिवाय व्यवसाय सुरू करता येणार नाही, असे आदेश काढले होते. २३ जून २०२१ रोजी मेघालय उच्च न्यायालयाने ही सक्ती मुळातच अवैध ठरविली. लसीकरण ही काळाची गरज आहे, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु बळजबरीने दिलेल्या लसीत कल्याणाचा हेतूच हरवतो आणि उपजीविकेच्या हक्कावर घाला पडतो, असा त्याचा अभिप्राय होता. त्याचबरोबर ज्या दुकानातील सर्व कर्मचाऱ्यांनी लस घेतली आहे, त्याने तशी पाटी दर्शनी भागी लावावी, असेही न्यायालयाने सांगितले. निर्णय ग्राहकावर सोपविला आणि माहिती देण्याचे उत्तरदायित्व दुकानावर ठेवले.

अमेरिकेतही हाच वाद पेटला होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनी आपल्या माणसांना लस द्यावी किंवा दर आठवड्यास त्यांची चाचणी व्हावी, असा नियम तेथील केंद्र शासनाने केला. सुमारे ८ कोटी ४० लाख कामगार त्याच्या कक्षेत येत होते. १३ जानेवारी २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यास स्थगिती दिली. मात्र त्याच दिवशी, शासकीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवरील सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. काम कोणते आणि धोका कोणास, यावर उत्तर बदलले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २ मे २०२२ रोजी आला. डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. बी. आर. गवई यांच्या पीठाने तो दिला. शरीराची अखंडता संविधानाच्या अनुच्छेद २१ ने रक्षिलेली आहे आणि कोणासही बळजबरीने लस देता येत नाही, हे पीठाने स्पष्ट केले. शासनाचे लसीकरण धोरण मात्र अवाजवी नाही, असेही म्हटले. सार्वजनिक आरोग्यासाठी वैयक्तिक हक्कांवर मर्यादा घालता येतात. पण त्या प्रमाणात असल्या पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून होणारा संसर्ग घेतलेल्यांपेक्षा अधिक आहे, असे दाखविणारी माहिती कोणत्याही शासनाने सादर केली नव्हती. म्हणून रुग्णसंख्या अल्प असेपर्यंत असे निर्बंध नसावेत, आणि खासगी संस्थांनीही आपले नियम पुन्हा तपासावेत, असे न्यायालयाने सुचविले. लसीच्या दुष्परिणामांची माहिती जनतेस खुली असावी, असेही निर्देश दिले. त्यापूर्वीच गुढीपाडव्याला महाराष्ट्रातील निर्बंध उठले होते.

प्रमाद आणि अन्नपाननिरोध

कायद्याचा निकाल लागला, तरी श्रावकाच्या मनातील प्रश्न मिटत नाही. आपल्या परंपरेने या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना नावे देऊन ठेवली आहेत. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे. साथीच्या काळात काळजी न घेणे, आपल्या आळसाने किंवा हट्टाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे, हा प्रमादच होय. वहिनींची चिंता ही होती. त्याच ग्रंथात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध येतो. आपल्यावर विसंबलेल्या जिवाचे अन्नपाणी अडविणे, हा त्याचा अर्थ. आपल्या पगारावर ज्याचे घर चालते त्याची रोजी एका सहीने बंद करणे यापासून फार दूर नाही. दादांची चिंता ही होती.

अनेकान्तदृष्टी येथे उपयोगी पडते. पण सर्वांचेच बरोबर म्हणून ती हात झटकत नाही. प्रत्येक पक्ष कोणत्या अपेक्षेने बरोबर आहे, हे ती विचारावयास लावते. अतिदक्षता विभागातील परिचारिका आणि गोदामात पोती मोजणारा मुलगा यांना एकच नियम लावणे, ही एकान्तदृष्टी होय. लस म्हणजे केवळ कारस्थान असे मानणे, हीही एकान्तदृष्टीच.

आपल्यातीलही काहींच्या मनात लसीविषयी शंका होत्या. कोवॅक्सिनमध्ये वासराच्या रक्तातील द्रव असतो, ही वार्ता जून २०२१ मध्ये घरोघरी फिरली. त्या द्रवाचा उपयोग पेशी वाढविण्याच्या आरंभीच्या टप्प्यात होतो, पुढे पेशी धुतल्या जातात आणि तयार लसीत तो नसतो, असे केंद्र शासनाने स्पष्ट केले. काहींचे त्याने समाधान झाले, काहींचे झाले नाही. पण ज्यांना शंका होती, त्यांना कोणी मूर्ख म्हटले असते तर ते अधिकच दूर गेले असते. आपली शंका जशी आपल्याला आदरणीय वाटते, तशीच हमालाची भीतीही आपण आदराने ऐकावी.

पुढील वेळेसाठी

१८९७ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून झालेल्या जबरदस्तीने लोक रोग लपवू लागले. स्वतः पुढे होणे आणि बळजबरी करणे, या दोन मार्गांतील अंतर तेव्हाही दिसले होते.

पुन्हा अशी साथ आली, तर मालकाने नकाराचे कारण आधी विचारावे. रजा, ताप आणि बुडणारी मजुरी ही कारणे असतील तर ती दूर करणे त्याच्याच हातात आहे. त्यानंतरही नकार राहिला, तर पगाराला हात लावण्यापूर्वी कामाची जागा बदलून पाहावी. कामावरून दूर करण्याचा विचार अगदी शेवटी यावा, आणि तोही जेथे दुर्बल माणसांना खरोखर धोका आहे तेथेच. आपल्या व्यापारी संघांनी अनेक ठिकाणी लसीकरण शिबिरे भरविली, हे स्तुत्यच आहे. पण तारखांचा हिशेब न जुळणारा आदेश निघाला, तर तो शासनाच्या निदर्शनास आणणे हेही त्यांचेच काम आहे.

तो मुलगा आजही दादांच्या दुकानात आहे आणि पुन्हा गल्ल्याशेजारी बसून बिले करतो. लसीविषयी त्याचे मत बदलले की नाही, हे दादांनी त्याला कधी विचारलेले नाही. दिवाळीत तो वर जाऊन आईच्या पाया पडतो, आणि वहिनी त्याच्या घरच्यांसाठी फराळाचा डबा देतात.