सातेरीला औषध नको, निवड हवी



महाड-पोलादपूरच्या आदिवासी वाड्यांसाठी मधपेट्या द्यायचे म्हटले, की दोन प्रश्न हमखास येतात. जास्त मध देणाऱ्या इटालियन माश्या का नकोत? आणि पेटीबरोबर किडीचे औषध द्यायचे का? दोन्हींचे उत्तर एकाच किडीपाशी मिळते.

वरोआ ही मोहरीएवढी तांबूस कीड माशीच्या अंगाला चिकटते आणि पोळ्यातील बंद कोषांत वाढते. ती मूळची सातेरीच्या जातीवरची. हजारो वर्षांच्या सहवासाने सातेरी तिला तोंड द्यायला शिकली आहे. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरची कीड जबड्यात धरून काढतात, किडलेले कोष बाहेर टाकतात. शिवाय सातेरीत ही कीड मुख्यतः नरांच्या कोषांतच वाढते, आणि नर ठरावीक हंगामातच असतात. इटालियन माशीत ती कामकऱ्यांच्या कोषांतही वाढते. म्हणून तिथे पुन्हा पुन्हा औषध लागते. मजुरीवर जगणाऱ्या कातकरी कुटुंबाला तो खर्च दरवर्षी कसा झेपणार?

स्वीडनमधील गोटलंड बेटावर 1999 मध्ये इटालियन माशीच्याच जातीच्या 150 वसाहती औषधाविना सोडल्या. पहिल्या तीन हिवाळ्यांत बहुतेक मेल्या. उरल्या त्यांचा वंश मात्र टिकला. एवढे नुकसान आपल्या वाड्यांना परवडणारे नाही. सातेरीने ती परीक्षा आधीच दिली आहे.

तरी सातेरी प्रत्येक रोगाला पुरून उरते असे नाही. 1991-92 च्या सुमारास अळ्यांच्या एका विषाणुरोगाने दक्षिण भारतात तिच्या असंख्य वसाहती संपवल्या. त्यावर औषध नव्हते. वाचलेल्या वसाहतींपासूनच पुन्हा पेट्या भरल्या. आपणही तेच करायचे: निरोगी, शांत आणि पेटी सोडून न जाणाऱ्या वसाहतीचेच विभाजन करायचे. दुबळीचे नाही. रोगट भागातून पेट्या आणायच्या नाहीत.

औषध नाही म्हणजे देखभाल नाही, असे मात्र नव्हे. मेणकिडा लागू नये म्हणून पेटीचा तळ झाडावा, मुंग्यांसाठी घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, पावसाळ्यापुरता मध माश्यांनाच ठेवावा. हे शिकवणारे मध संचालनालय आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वरलाच आहे.

म्हणून पेटीसाठी दान देताना सोबत प्रशिक्षणाचाही विचार करावा, ही विनंती. पेटी एकदाच द्यावी लागते. चांगली वसाहत ओळखणारी नजर आली, की पुढच्या पेट्या वाडी स्वतःच भरते.